पैसा मुलामागे जावा: शाळा निवडण्याचा हक्क आणि शिक्षण व्हाउचर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पालकांच्या बैठकांमध्ये, शिक्षकांशी गप्पा मारताना, कधी थेट वादात, हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. ते जसे येतात तसेच इथे घेतले आहेत. त्यात अडचणीचेही आहेत. व्हाउचरचा आग्रह धरणाऱ्या माणसाने आधी अडचणीच्या प्रश्नांना उत्तर द्यावं, असं मला वाटतं.

शिक्षण व्हाउचर म्हणजे नेमकं काय?

सरकार मुलांच्या शिक्षणावर खर्च करतंच. बहुतेक ठिकाणी हा पैसा शाळेच्या नावावर जातो: पगार, इमारत, वीज, देखभाल. मूल शिकलं किंवा नाही शिकलं, पट निम्म्यावर आला, तरी पुढच्या वर्षीची तरतूद फारशी हलत नाही. व्हाउचरमध्ये तोच पैसा मुलाच्या नावावर लागतो. पालक मान्यताप्राप्त शाळांमधून एक शाळा निवडतात, शाळा मुलाला दाखल करून घेते आणि सरकार ठरलेली रक्कम त्या शाळेला देतं. सहसा पालकांच्या हातात रोख काही येत नाही.

मूल शाळा सोडून गेलं की पैसाही त्याच्याबरोबर निघतो. सगळी योजना या एका गोष्टीवर उभी आहे.

शाळा निवड आणि व्हाउचर एकच का?

नाही. शाळा निवड ही मोठी कल्पना आहे, व्हाउचर हा तिचा एक प्रकार. आपल्या हद्दीबाहेरच्या सरकारी शाळेत मुलाला घालता येणं हीही निवडच. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये कायदा करून चार्टर शाळा आणल्या. त्यांना सरकारी पैसा मिळतो, त्या फी घेत नाहीत, पण कारभार स्वतंत्र असतो. अ‍ॅरिझोनाने २०११ मध्ये शिक्षण खातं आणलं. त्यात रक्कम खात्यात जमा होते आणि पालक ती फीसाठी, शिकवणीसाठी, पुस्तकांसाठी किंवा उपचारांसाठी वापरू शकतात. भारतात शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १२(१)(ग) प्रमाणे खासगी शाळांमधल्या प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी असतात आणि सरकार शाळेला प्रतिपूर्ती देतं. नाव व्हाउचर नसलं तरी जात तीच. पैसा मुलाच्या निमित्ताने शाळेत येतो.

तुम्ही याचा एवढा आग्रह का धरता?

एका आईमुळे. बैठक संपल्यावर ती मुलाची गणिताची वही घेऊन माझ्याजवळ आली. तिचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. तिने एक पान उघडलं आणि बोट ठेवलं. ४२ वजा १७, उत्तर ३५. शेजारी लाल शाईत बरोबरची खूण. खाली आणखी तशीच वजाबाकी, तशीच खूण. मुलगा हातचा घेतच नव्हता. मोठ्या अंकातून लहान अंक काढून मोकळा होत होता. ती म्हणाली, "ताई, बेचाळीसातले सतरा खर्च केले तर माझ्या हातात पंचवीस राहतात. याचे पस्तीस कसे उरले?"

ती शाळेत जाऊन आली होती. "पुढच्या वर्षी येईल त्याला" असं ऐकून परत आली. जवळच्या दुसऱ्या शाळेची फी तिच्या आवाक्याबाहेर होती. म्हणजे चूक तिला दिसत होती, शाळेला दिसत नव्हती, आणि तरी मूल तिथेच राहणार होतं.

तिच्या जागी चांगल्या कमाईचं घर असतं तर काय झालं असतं? एकदा मुख्याध्यापकांना भेटले असते, दुसऱ्यांदा भेटले असते आणि तिसऱ्यांदा दाखला काढून मोकळे झाले असते. शाळेलाही ते ठाऊक असतं, म्हणून पहिल्याच भेटीत कुणीतरी वही उघडून बघितली असती. पैसेवाल्या पालकांकडे शाळा निवडीचा हक्क आजही आहे. ते फी भरून निवडतात, नाहीतर चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घेऊन निवडतात. हक्क नाही तो फक्त गरिबाला. "मी माझं मूल इथून काढते" हे वाक्य त्या आईला बोलता यावं आणि शाळेला ते खरं वाटावं, एवढ्यासाठी मी व्हाउचर मागते.

ही कल्पना उजव्या अर्थतज्ज्ञांची ना?

हा शिक्का मिल्टन फ्रिडमन यांच्यामुळे बसला. १९५५ च्या लेखात त्यांनी मुद्दा स्वच्छ मांडला: शिक्षणाला पैसा सरकारने द्यावा, पण शाळा सरकारनेच चालवायला हवी असं नाही. पण कल्पना त्यांच्या कितीतरी आधीची आहे. टॉमस पेन यांनी १७९२ मध्ये गरीब कुटुंबांना मुलांच्या शिक्षणासाठी थेट रक्कम देण्याची सूचना केली होती. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये लिहिलं की सरकारने शिक्षण सक्तीचं करावं, गरिबांची फी भरावी, पण कुठे आणि कसं शिकवायचं ते आईवडिलांवर सोडावं. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात ज्या गावांत स्वतःची शाळा नाही तिथल्या मुलांची दुसरीकडची फी गावाने भरण्याची पद्धत १८६९ पासून आहे.

आणि आधुनिक व्हाउचरची सुरुवात कुणी केली ते बघा. १९९० मध्ये मिलवॉकी शहरात गरीब मुलांसाठी योजना सुरू झाली. तिच्यासाठी झगडल्या त्या पॉली विल्यम्स, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कृष्णवर्णीय आमदार. त्यांना साथ मिळाली रिपब्लिकन गव्हर्नर टॉमी थॉम्पसन यांची. पहिल्या वर्षी साडेतीनशेच्या आतबाहेर मुलं होती आणि शाळा मोजून सात. विल्यम्सबाईंचा मुद्दा बाजारपेठेचा नव्हता. आपल्या वस्तीतल्या मुलांना नापास करत राहणाऱ्या शाळांतून बाहेर पडायला दार हवं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुढे योजना श्रीमंतांकडे झुकतेय असं दिसल्यावर त्यांनी त्यालाही विरोध केला. मला त्या या चळवळीतल्या सगळ्यात प्रामाणिक व्यक्ती वाटतात.

पालकांना असा हक्क कायद्याने आहे का?

मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या (१९४८) कलम २६ मध्ये तो स्पष्ट लिहिला आहे: मुलांना कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं हे निवडण्याचा अग्रहक्क पालकांचा. त्याही आधी, १९२५ मध्ये, ओरेगन राज्याचा "प्रत्येक मूल सरकारी शाळेतच गेलं पाहिजे" हा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. हक्क कागदावर आहेच. फी भरायला पैसे नसतील तर तो कागदावरच राहतो.

कमी शिकलेल्या पालकांना चांगली शाळा कशी ओळखता येणार?

हा प्रश्न ऐकला की मला ती वही आठवते. पण एका वहीवरून सिद्धांत मांडू नये, म्हणून मोठा पुरावा देते.

पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात ११२ गावांमध्ये ताहिर अंद्राबी, जिष्णु दास आणि असीम ख्वाजा या तिघा अभ्यासकांनी एक प्रयोग केला. निम्म्या गावांत प्रत्येक घरी प्रगतिपत्रक दिलं: तुमच्या मुलाला किती गुण, त्याच्या शाळेची सरासरी किती आणि गावातल्या बाकीच्या शाळांची किती. बाकी काही केलं नाही. वर्षभरात त्या गावांतल्या मुलांचे गुण वाढले, खासगी शाळांची फी १७ टक्क्यांनी उतरली आणि शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्याही वाढली. पालक बरेचसे निरक्षर होते. अक्कल त्यांच्याकडे आधीपासून होती, माहिती नव्हती.

म्हणून माझी अट अशी की व्हाउचरबरोबर शाळांची माहिती साध्या भाषेत घरोघर पोचलीच पाहिजे. वाचता न येणाऱ्याला कुणीतरी ती वाचून दाखवली पाहिजे. माहितीशिवाय निवड म्हणजे रंगीत गणवेश आणि शाळेच्या इंग्रजी नावाची निवड होऊन बसते, आणि अशी फसगत झालेले पालक मी पाहिले आहेत.

व्हाउचरमुळे मुलं खरंच जास्त शिकतात का?

काही ठिकाणी हो, काही ठिकाणी फरक नाही, एकदोन ठिकाणी चक्क नुकसान. यातलं फक्त आपल्या सोयीचं तेवढं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, मग ते माझ्या बाजूचे का असेनात.

कोलंबियाने १९९१ मध्ये सहावीत जाणाऱ्या गरीब मुलांसाठी व्हाउचर सुरू केलं. १९९७ पर्यंत सव्वा लाखाच्या आसपास मुलांना ते मिळालं. मागणी जास्त होती म्हणून अनेक शहरांत सोडत काढली, आणि सोडतीमुळे अभ्यासकांचं काम सोपं झालं. नाव लागलेली आणि न लागलेली मुलं एकसारख्याच घरांतली, फरक फक्त नशिबाचा. जोशुआ अँग्रिस्ट, मायकेल क्रेमर (दोघांनाही पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की तीन वर्षांनी नाव लागलेल्या मुलांमध्ये आठवी पूर्ण करण्याचं प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी जास्त होतं. चाचण्यांतही ती पुढे होती. पुढे माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांतही त्यांचा वाटा मोठा होता.

वॉशिंग्टन शहरातली योजना २००४ ची. तिथे चाचणीच्या गुणांत ठाम फरक दिसला नाही. पण शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण ज्यांना व्हाउचर देऊ केलं त्यांच्यात ८२ टक्के आणि ज्यांना नाही त्यांच्यात ७० टक्के होतं. परीक्षेच्या गुणांपलीकडेही शाळा काही देते, हे आईवडिलांना आधीपासून माहीत असतं.

भारतातला पुरावा मला सगळ्यात बोलका वाटतो. आंध्र प्रदेशातल्या १८० गावांत कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी २००८ पासून चार वर्षं सोडतीवर आधारलेला अभ्यास केला. तेलुगू आणि गणितात खासगी शाळेत गेलेली मुलं पुढे गेली नाहीत. बरोबरीत राहिली. हिंदीत मात्र चांगलीच पुढे गेली. विरोधक पहिलं वाक्य उचलतात. पण त्याच अभ्यासात दिसलं की त्या खासगी शाळा तेलुगू आणि गणिताला कमी वेळ देत होत्या आणि एका मुलामागे सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी खर्च करत होत्या. कमी वेळात आणि कमी पैशांत बरोबरी, शिवाय वर एक जास्तीची भाषा. याला मी अपयश म्हणू शकत नाही. पण "खासगीत घातलं की मूल हुशार झालं" ही समजूत त्या अभ्यासाने पुसून टाकली, हेही तितकंच खरं.

आणि लुइझियाना. तिथे योजना २०१२ मध्ये राज्यभर पसरली आणि व्हाउचर घेतलेल्या मुलांचे गणिताचे गुण पहिल्याच वर्षी जोरात घसरले. का, यावर वाद आहे. एक गोष्ट मात्र नोंदवलेली आहे: योजनेत आलेल्या शाळांत बऱ्याच अशा होत्या ज्यांचा पट आधीपासूनच उतरत चालला होता. चांगल्या भरलेल्या शाळा बाहेर राहिल्या आणि रिकामे बाक असलेल्या आत आल्या. रक्कम तुटपुंजी आणि कागदपत्रांचा जाच मोठा असेल तर दारात कोण येणार, हे त्यावरून कळतं.

मग मागे सरकारी शाळेत राहिलेल्या मुलांचं काय?

मी स्वतः या प्रश्नावर झोप घालवली आहे. जागरूक पालकांची मुलं निघून गेली तर उरलेल्यांचा वर्ग आणखी खचेल, ही भीती खोटी नाही.

पुरावा मात्र दिलासा देणारा आहे. आंध्रच्या अभ्यासात हेच मुद्दाम तपासलं होतं. काही गावं व्हाउचरची, काही बिनव्हाउचरची अशी विभागणी केली होती. व्हाउचरच्या गावात सरकारी शाळेत राहिलेल्या मुलांचं नुकसान झालं नाही. आधीपासून खासगीत असलेल्यांचंही झालं नाही. फ्लोरिडात खासगी शाळांच्या फीसाठीची शिष्यवृत्ती योजना वाढत गेली तसतशी आसपासच्या सरकारी शाळांतल्या मुलांची कामगिरी थोडी सुधारली आणि गैरहजेरी कमी झाली. मूल जाऊ शकतं हे कळल्यावर शाळा हलते.

पैशाचा हिशोब मात्र सोपा नाही. तीस मुलांच्या वर्गातून तीन गेली म्हणून शिक्षकाचा पगार एक दशांशाने कमी होत नाही, छपराची गळतीही थांबत नाही. म्हणून काही वर्षं तरी शाळेच्या ठरीव खर्चासाठी वेगळी तरतूद ठेवावी आणि मुलामागचा पैसा तेवढाच हलवावा, असं माझं मत आहे. यात खर्च थोडा वाढतो. तो करावा.

म्हणजे तुम्ही सरकारी शिक्षकांच्या विरोधात आहात?

मुळीच नाही. ज्या सरकारी शाळेत शिक्षक मन लावून शिकवतात तिथून पालक हलत नाहीत. उलट बाहेरची मुलं तिथे येतात आणि व्हाउचर असेल तर त्यांच्याबरोबर पैसाही येतो. चांगल्या शिक्षकाला आज त्याच्या कामाचं काहीच फळ मिळत नाही, ही माझी खंत आहे.

खासगी शाळा हुशार मुलं निवडून घेतील आणि बाकीची परत पाठवतील, त्याचं काय?

नियम ढिले ठेवले तर नक्की तसंच होईल. चिलीत झालं. १९८१ मध्ये हुकूमशाहीच्या काळात तिथे मुलामागे अनुदान सुरू झालं. गरीब असो की श्रीमंत, रक्कम एकच. शाळांना मुलाखती आणि परीक्षा घेऊन मुलं निवडायची मुभा होती. १९९० च्या दशकात वरून फी घ्यायचीही मुभा मिळाली. मध्यमवर्ग एका शाळेत, गरीब दुसऱ्या शाळेत अशी वाटणी झाली. देशाची सरासरी सुधारल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही आणि २००६ मध्ये शाळकरी मुलंच रस्त्यावर उतरली. पुढे चिलीने दुरुस्त्या केल्या. २००८ मध्ये गरीब मुलामागे जादा रक्कम देणारा कायदा आला आणि त्यानंतर गरीब मुलांच्या गुणांत चांगली वाढ दिसली. २०१५ मध्ये निवड परीक्षा आणि वरची फी टप्प्याटप्प्याने बंद करणारा कायदा झाला.

स्वीडनने १९९२ मध्ये खासगी व्यवस्थापनाच्या शाळांना सरकारी पैसा दिला आणि पुढे काही वर्षांनी पालकांकडून फी घेण्यावर बंदी आणली. पण प्रवेशाला नोंदणीच्या तारखेची रांग ठेवली. मग मूल जन्मल्या जन्मल्या नाव नोंदवणाऱ्या जाणकार घरांचा नंबर आधी लागायला लागला. रांग दिसायला न्याय्य असते, पण रांगेत लवकर उभं राहायचं हे ज्याला माहीत असतं त्याच्यासाठीच.

म्हणून तीन अटींवर मी कधी तडजोड करत नाही. जागा कमी पडल्या तर सोडत, उघड्यावर, सगळ्यांसमोर. मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत नाही. व्हाउचरच्या मुलाकडून वरून एक पैसाही नाही, मग तो "विकास निधी" म्हणून मागा, "उपक्रम शुल्क" म्हणून मागा किंवा ठरावीक दुकानातून गणवेश घ्यायला लावून उकळा. ही तिसरी अट सगळ्यात जास्त मोडली जाते आणि त्याची तक्रार करायला पालक घाबरतात, कारण मूल त्याच शाळेत असतं. तक्रार घेणारी यंत्रणा शाळेबाहेरची आणि नाव गुप्त ठेवणारी हवी.

व्हाउचरचा वापर भेदभावासाठी झाला होता, हे खरं ना?

खरं आहे. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने कृष्णवर्णीय मुलांबरोबर आपली मुलं बसू नयेत म्हणून १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. गोऱ्या मुलांना खासगी शाळांसाठी सरकारी अनुदान मिळालं. कृष्णवर्णीय मुलांची पाच वर्षं वाया गेली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर शाळा उघडल्या. या इतिहासाकडे पाठ फिरवून व्हाउचरची बाजू मांडता येत नाही. जात, वंश, धर्म, भाषा किंवा अपंगत्व यावरून प्रवेश नाकारणाऱ्या शाळेला सार्वजनिक पैशातला छदामही मिळू नये, आणि वर्गात वेगळं बसवणाऱ्या शाळेलाही नाही.

धार्मिक शाळांना सरकारी पैसा द्यायचा का?

देशागणिक उत्तर वेगळं आहे. नेदरलँड्सने १९१७ मध्येच राज्यघटनेत बदल करून सरकारी आणि खासगी (त्यांत बहुतांश चर्चच्या) शाळांना समान पैसा दिला. आज तिथली सुमारे दोन तृतीयांश मुलं खासगी व्यवस्थापनाच्या शाळांत शिकतात. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या योजनेवरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २००२ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निकालाने योजना वैध ठरली. न्यायालयाचं म्हणणं असं की पैसा धर्मसंस्थेकडे सरकारच्या इच्छेने जात नाही, पालकांच्या निवडीने जातो. मला हा युक्तिवाद पटतो, एका अटीवर: भाषा, गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्राचा किमान अभ्यासक्रम सगळ्यांना सारखा असावा आणि धर्माच्या तासाला बसायची सक्ती नसावी.

रक्कम किती असावी?

सरकारी शाळेत एका मुलामागे जो खर्च होतो त्याच्या जवळपास. फार कमी ठेवली तर लुइझियानासारख्या रिकाम्या शाळाच उरतात. आणि ती वेळेवर मिळाली पाहिजे. प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकली की शाळा त्या मुलांकडे ओझं म्हणून बघायला लागतात, आणि ते वर्गातल्या लेकराला कळतं.

सगळ्यांना द्यायचं की फक्त गरिबांना?

आधी गरिबांना. अ‍ॅरिझोनाने २०२२ मध्ये सगळ्यांना दार उघडलं तेव्हा सुरुवातीच्या अर्जांत मोठा हिस्सा अशा मुलांचा होता जी सरकारी शाळेत नव्हतीच. म्हणजे जे आधीच निवड करू शकत होते त्यांनाच पैसा गेला. सर्वांना समान हक्क या तत्त्वाने त्याचं समर्थन करणारे माझे स्नेही आहेत आणि त्यांचा मुद्दा मी समजू शकते. पण तिजोरी मर्यादित असताना पहिला घास कुणाला, हे ठरवावंच लागतं.

विशेष गरजा असलेल्या मुलांचं काय?

त्यांची रक्कम गरजेप्रमाणे जास्त हवी. फ्लोरिडाने १९९९ मध्ये अपंग विद्यार्थ्यांसाठी वेगळी शिष्यवृत्ती सुरू केली, तिची रक्कम मुलाला लागणाऱ्या सेवांवरून ठरायची. एकच ठोक रक्कम ठेवली तर या मुलांना कुणीही घेणार नाही.

जिथे एकच शाळा आहे तिथे व्हाउचर काय कामाचं?

लगेच फारसं नाही. प्रवासखर्च जोडला तर थोडं. अशा ठिकाणी असलेली शाळा सुधारणं हेच काम आहे आणि व्हाउचरवाल्यांनी त्याला नाकं मुरडू नयेत.

शाळा मध्येच बंद पडली तर?

स्वीडनमध्ये २०१३ साली एक मोठी खासगी साखळी दिवाळखोरीत गेली आणि हजारो विद्यार्थ्यांना दुसरीकडे जागा शोधावी लागली. म्हणून शाळेने अनामत ठेवावी, हिशोब दरवर्षी उघड करावेत आणि वर्षाच्या मध्यात बंद करायला मनाई असावी. शाळा बंद झाली तर जवळच्या सरकारी शाळेने मुलाला त्याच आठवड्यात घ्यावं, कागद नंतर.

शाळा बघायला गेल्यावर काय बघू?

इमारत शेवटी बघा. आधी त्याच वर्गातल्या मुलांच्या दोनतीन वह्या मागा, सजवलेल्या नव्हेत, रोजच्या. चूक झाली तिथे शिक्षकाने काय केलंय ते बघा: नुसती फुली, की शेजारी पुन्हा करून दाखवलंय? मुलाने ते परत सोडवलंय का? मग सुट्टी व्हायच्या वेळेला फाटकाशी उभं राहून तिथल्या पालकांना विचारा, गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले आणि वर्षभरात फीशिवाय काय काय भरावं लागलं. आणि मुलांना बाहेर पडताना बघा. दमलेली असतातच, पण दबलेली आहेत का ते कळतं.

व्हाउचर घेतलं, शाळा बदलली, आणि नवी शाळाही पटली नाही तर?

पुन्हा बदलता आली पाहिजे, आणि त्यासाठी वर्षभर थांबावं लागू नये. रक्कम शाळेला एकदम न देता सत्रागणिक द्यावी, म्हणजे उरलेली मुलाबरोबर जाऊ शकते. शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याही शाळेला नसावा. थकबाकीचं कारण सांगूनही नाही. बदलीचा अर्ज एका पानाचा असावा, कारण लिहायची सक्ती नसावी आणि पालकाला लिहिता येत नसेल तर अंगठा चालावा. सारख्या शाळा बदलल्याने मुलाचं नुकसान होतं हे खरं आहे, आणि आईवडिलांना मी ते बसवून समजावते. पण तो निर्णय त्यांचा.

वहीवाल्या आईचा मुलगा तेव्हा तिसरीत होता. दोन दिवसांनी मी त्याला पुड्यातल्या काड्या सोडवून दाखवल्या, दहाच्या जुडग्या आणि सुट्या. एक जुडगी सोडून सुट्यांत मिसळल्यावर त्याने स्वतःच सतरा बाजूला काढल्या, उरलेल्या मोजल्या आणि वहीतलं ३५ खोडलं.